"ठेवा, मी घेतो" म्हणून गायब होणारं नवं गिऱ्हाईक: शब्दावर थांबायचं, टोकन घ्यायचं की आधी येईल त्याला द्यायचं?

भाड्याच्या घरात राहणाऱ्याला जुनं सामान विकायची वेळ दर दोन-तीन वर्षांनी येतेच. ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट संपतं, मालक भाडं वाढवतो, नवीन घर लहान निघतं आणि मग कपाट, वॉशिंग मशीन, दिवाण सगळं महिनाअखेरच्या आत काढायचं असतं. मी पुण्यात ३ घरं बदलली आणि प्रत्येक वेळी फोटो टाकून सामान विकलं, ओएलएक्सवर, फेसबुक मार्केटप्लेसवर आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. वस्तू जाते, तिचं टेन्शन नसतं. मनस्ताप होतो तो "ताई फायनल, माझ्यासाठी ठेवा" म्हणून नंतर फोन न उचलणाऱ्या माणसाचा, कारण त्याच्या शब्दावर आपण बाकीच्या चौघांना नाही सांगून बसलेलो असतो आणि ते चौघं तोपर्यंत दुसरीकडून घेऊन मोकळे होतात.

आधी एक गोष्ट सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. असे पळणारे बहुतेक जण लबाड नसतात, नवे असतात. आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसाकडून जुनी वस्तू घेतायत, नुकती नोकरी लागलीय, नांदेड-लातूरकडून आलेत, रूमवर कॉटही नाही. फोटो बघून उत्साहात हो म्हणतात आणि मग रात्री घरी फोन होतो. आई म्हणते दुसऱ्याची वापरलेली गादी नको, रूम पार्टनर म्हणतो माझा अर्धा हिस्सा मी देणार नाही, सप्टेंबर असेल तर कुणीतरी पितृपक्षाची आठवण करून देतं. मग नाही म्हणायची लाज वाटते आणि फोन वाजत राहतो.

मागच्या वेळी कपाट बघायला एक मुलगा आला होता, तेवीस-चोवीसचा असेल. दार उघडलं, लॉक फिरवून बघितलं, कप्प्यावर हात दाबून बघितला, "मस्तय ताई, घेतो" म्हणाला. मग लिफ्टपाशी गेला आणि वितीने लिफ्टचं दार मोजायला लागला. टेप आणली नव्हती. कपाट साडेसहा फुटी, त्याच्या बिल्डिंगची लिफ्ट केवढी ते त्याला माहीतच नव्हतं आणि वर चौथा मजला. मी म्हटलं घरी जाऊन लिफ्ट आणि जिना दोन्ही मोज, मग सांग. रात्री मेसेज आला की जिन्याच्या वळणावर बसत नाही. त्याला मी तसंच हो म्हणू दिलं असतं तर शनिवारी छोटा हत्ती दारात उभा करून तो परत फिरला असता आणि टेम्पोवाल्याचं भाडं त्याच्याच अंगावर पडलं असतं.

तर आता पर्याय.

नुसत्या शब्दावर थांबणं. यात पैसा मधे येत नाही, भांडण होत नाही, सोसायटीतल्या किंवा ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाला हेच शोभतं. समोरच्या काकूंकडे टोकन मागितलं तर त्या पुन्हा दारात येणार नाहीत. पण अनोळखी माणसासाठी हा पर्याय मला सगळ्यात महाग पडलाय, कारण जाहिरात टाकल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जास्त फोन येतात आणि नेमके तेच एका शब्दात जातात. शब्दावर थांबायचंच असेल तर वेळ ठरवून थांबा. "ठेवते" एवढंच नाही म्हणायचं, "उद्या संध्याकाळी ७ पर्यंत ठेवते, नाही जमलं तर नुसता नाही असा मेसेज टाका, मी काही मनाला लावून घेणार नाही" असं म्हणायचं. या शेवटच्या वाक्याने खूप फरक पडतो. नव्या माणसाला नाही म्हणायची परवानगी आधीच मिळालेली असते, त्यामुळे तो लपत नाही, वेळेत कळवतो आणि आपण मोकळे होतो.

जो आधी पैसे घेऊन येईल त्याचं. हे महिनाअखेरीला बरं, चार दिवसात घर खाली करायचं असेल तर दुसरं काही करूच नका. फायदा उघड आहे, कुणाच्याच शब्दात आपण अडकत नाही. तोटा पण तेवढाच उघड आहे, वाघोलीहून दोन बस बदलून कोथरूडला आलेल्या मुलीला दारात "आत्ताच गेलं" सांगणं. मला एकदा ते सांगावं लागलं आणि तिने मुकाट्याने पाण्याचा ग्लास परत दिला तो हात माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही. तेव्हापासून हा पर्याय वापरताना निघायच्या आधी फोन करा असं सांगते आणि एकदा कोणी निघालं असं कळलं की ते येईपर्यंत दुसऱ्याला देत नाही. लांबून येणाऱ्यावर हा नियम अन्याय करतो, शेजारच्या गल्लीतल्याला फुकटचा फायदा देतो, म्हणून वेळ हातात असेल तर मी हा वापरत नाही.

टोकन. जुन्या लोकांच्या भाषेत विसार. यावर जरा जास्त लिहिते कारण चुकतं ते इथेच. बरेच विकणारे फोनवरच म्हणतात ५०० पाठवा मग ठेवतो. नवा माणूस बिचकतो आणि बरोबरच बिचकतो! वस्तू न बघता अनोळखी माणसाला पैसे पाठवू नको हे त्याला सगळ्यांनी सांगितलेलं असतं आणि ते शंभर टक्के खरं आहे, टोकन घेऊन नंबर बंद करणारे विक्रेते भरपूर आहेत. त्याला मुरलेल्या बायरसारखं वागायला लावून आपण चांगलं गिऱ्हाईक घालवतो. म्हणून टोकन बघायच्या आधी नाही, बघून झाल्यावर, आपल्या घरात, समोरासमोर घ्यायचं. वस्तू चालू करून दाखवली, ओरखडा कुठे आहे तो आपणच बोट ठेवून दाखवला, भाव ठरला, की मग म्हणायचं टेम्पो शनिवारी आणणार ना, मग आत्ता थोडे देऊन ठेवा.

किती? माझा अंदाज ५ ते १० टक्के, ६ हजारांच्या मशीनला ५०० पुरे. तेवढे पैसे काढताना माणूस आपोआप घरी एक फोन लावतो आणि जो विचार तो रात्री करणार होता तो माझ्या हॉलमध्ये उभं राहून करतो, मला टोकनचा उपयोग तेवढाच आहे. वॉशिंग मशीन घेणाऱ्या मुलाने झाकणावर हात ठेवून आईला व्हिडिओ कॉल लावला, ड्रम दाखवला, पाइप दाखवला, आईने विचारलं आवाज किती येतो, मग आम्ही स्पिन लावून ऐकवला. दहा मिनिटं गेली पण तो व्यवहार नंतर हलला नाही.

आणि नाही म्हणाला तर टोकन परत द्यायचं की नाही? त्याने २४ तासांच्या आत कळवलं तर मी पूर्ण परत देते, त्यानंतर अर्धं आणि हे पैसे घ्यायच्या आधी सांगते, शिवाय व्हॉट्सॲपवर लिहून पाठवते: वस्तू, ठरलेला भाव, मिळालेले पैसे, न्यायची तारीख, परत कधी. कायद्याचं म्हणाल तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७४ आहे, त्याचा गाभा असा की करार मोडला तर भरपाई वाजवी तेवढीच. ५०० रुपयांसाठी कोर्टात कोणी जात नाही हे खरं, पण आपलं दोन दिवसांचं नुकसान झालं असताना मोठी रक्कम दाबून ठेवायची नाही हे माप मला पटतं. एका मुलीचं स्टडी टेबलचं ३०० टोकन त्याच रात्री परत केलं, रूमच्या मालकाने सामान वाढवू दिलं नाही म्हणाली. एकटी राहणारी मुलगी, तिचे ३०० ठेवून मला काय मिळणार होतं.

गाडी असेल तर मात्र टोकन जास्त आणि कागदावर, कारण नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० सही होऊन आरटीओत जाऊन नाव बदलेपर्यंत जबाबदारी आपल्याच नावावर असते, तिथे शब्दावर चावी देऊच नये.

कुरिअरने पाठवायची वस्तू असेल, म्हणजे घरून साड्या किंवा पुस्तकं विकणाऱ्या बायका करतात तशी, तर प्रश्न कॅश ऑन डिलिव्हरी ठेवायची का हा असतो. नव्या बायरला तीच हवी असते आणि पार्सल दारात नाकारलं की जाण्यायेण्याचा दोन्हीकडचा खर्च आपला. कुरिअरचा खर्च आधी घ्या आणि वस्तूचे पैसे डिलिव्हरीला, हा मधला रस्ता मला दोघांनाही बरा वाटतो.

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये ईबेवर जुनी घड्याळं विकतो, त्याला या सगळ्यातलं फारसं करावं लागत नाही. तिथे ठरलेल्या किमतीच्या वस्तूला लगेच पेमेंटची अट लावता येते, म्हणजे पैसे भरेपर्यंत वस्तू विकलीच जात नाही, लिलावात बोली जिंकून ४ दिवसांत पैसे दिले नाहीत तर विकणारा ऑर्डर रद्द करू शकतो, आणि वारंवार पैसे न भरणाऱ्यांना आधीच ब्लॉक करता येतं. बायरला वाईट फीडबॅक द्यायची सोय मात्र २००८ पासून काढून टाकलीय. आपल्याकडची ईबेची साइट १४ ऑगस्ट २०१८ ला बंद झाली, आणि आपण जुनं सामान विकतो तेव्हा मधे कोणी नसतंच, नियम आपणच करायचे.

एक फरक ओळखायला शिका. नवं गिऱ्हाईक खूप प्रश्न विचारतं, घासाघीस करतं, मधेच गप्प होतं. याउलट जो न बघता पूर्ण भावाला हो म्हणतो, बदली झालीय म्हणतो, माणूस पाठवतो म्हणतो आणि पैसे द्यायला क्यूआर पाठवतो तो बायरच नाही, ठग आहे; तो क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने माणसाने माणसाला पाठवायची कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे पैसे मागणारी विनंती, बंद केली, पण क्यूआर स्कॅन करायला लावणारे आहेतच.

तर माझं सरळ मत: १ हजाराच्या आतली वस्तू आणि ओळखीचा माणूस, तर वेळ ठरवून शब्दावर. त्याच्या वरचं सगळं, अनोळखी माणूस आणि हातात आठवडा असेल, तर बघून झाल्यावर छोटं टोकन. चार दिवसच उरलेत, तर येईल त्याला, पण निघालेल्यासाठी थांबायचं. आणि कुठलाही पर्याय घ्या, वस्तू उचलली जाईपर्यंत जाहिरात काढू नका, फक्त "बोलणं चालू आहे, शनिवारपर्यंत थांबलेय" असं वर लिहा आणि नंतर विचारणाऱ्यांची नावं क्रमाने वहीत ठेवा. पहिल्याचा "नाही" असा निरोप आला की दुसऱ्याला मेसेज नाही, फोन करायचा, लगेच, कारण त्यानेही एव्हाना दुसरीकडे बघायला सुरुवात केलेली असते.