मेडलाइनप्लस, एनएचएस, कॉक्रेन आणि पबमेड: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आईचं बीपी आणि थायरॉइड, बाबांची बॉर्डरवरची शुगर, आणि दोघांच्या गोळ्या-रिपोर्ट बघायचं काम माझ्याकडे, त्यामुळे गेले बरेच महिने मी चार ठिकाणं सतत वापरतेय. अमेरिकेची आरोग्य-माहितीची साइट मेडलाइनप्लस, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची म्हणजे एनएचएसची साइट, उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी कॉक्रेन आणि वैद्यकीय पेपरांची यादी असलेली पबमेड. चारही ठिकाणी मला लागतं ते फुकट वाचता येतं, लॉगिनची भानगड नाही. पण चौघांची कामं वेगळी आहेत आणि कुठे काय शोधायचं हे आधी कळलं तर खूप वेळ वाचतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात जास्त वापर मेडलाइनप्लसचा. अमेरिकेच्या सरकारी नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९९८ मध्ये सुरू केलेली साइट, जाहिराती नाहीत, कुणाचं औषध खपवायचं नाही. आजारांची पानं चांगलीच आहेत पण मला खरा उपयोग झाला तो टेस्ट आणि औषधांच्या भागाचा. टेस्टच्या पानावर ती कशासाठी करतात, उपाशी जायचं का, आकडा वर किंवा खाली आला तर काय काय कारणं असू शकतात हे ठरलेल्या क्रमाने दिलेलं असतं, त्यामुळे दोन-तीन पानं वाचली की पुढची पटापट वाचून होतात. औषधांचं एक उदाहरण देते. आई थायरॉइडसाठी लिव्होथायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी घेते, मध्यंतरी हाडांसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी कॅल्शियम सुरू केलं, तेव्हा मी पान उघडून बघितलं तर स्पष्ट लिहिलेलं की कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या आणि काही अँटासिड यांच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर हवं, कारण त्यामुळे थायरॉइडचं औषध पोटातून नीट शोषलंच जात नाही. दोन गोळ्या दोन डॉक्टरांच्या, दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर, मग हे कुणाच्या लक्षात येणार? आम्ही डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी लगेच कॅल्शियम रात्री टाकलं. अजून एक, केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना किंवा लॅबला नक्की सांगा, तपासणीच्या काही पद्धतींमध्ये त्यामुळे टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रिपोर्टमधला मुख्य आकडा, खोटा कमी दिसतो.

एनएचएसची भाषा चौघांत सगळ्यात सोपी. छोटी वाक्यं, आणि प्रत्येक आजाराखाली डॉक्टरांकडे कधी जायचं आणि ताबडतोब कधी जायचं हे वेगळं काढून दाखवलेलं. घाबरलेल्या माणसाला पहिलं तेच हवं असतं. पानाच्या तळाशी शेवटची तपासणी कधी झाली आणि पुढची कधी होणार या दोन्ही तारखा असतात, मी आता कुठल्याही साइटवर आधी खाली जाऊन तारीखच बघते, तारीख नसेल तर पान बंद.

आता जिथे बरेच जण अडकतात ती गोष्ट. एकच आजार, पण दोन साइट्सवर दोन आकडे. अमेरिकन पानांवर १३०/८० पासूनच बीपी वाढलं असं धरतात, २०१७ च्या तिथल्या गाइडलाइनपासून, आणि एनएचएसवर दवाखान्यात १४०/९० आणि घरी मोजलं तर १३५/८५. आईचं घरचं रीडिंग नेमकं या दोघांच्या मधलं. मग मी याच्या मुळाशी गेले आणि स्प्रिंट नावाचा २०१५ चा अभ्यास वाचला, ९,३६१ लोक, वय ५० च्या वर, डायबेटिस असलेले घेतलेच नव्हते. एका गटात वरचा आकडा १२० च्या खाली ठेवायचा, दुसऱ्यात १४० च्या खाली. १२० वाल्या गटात हार्ट अटॅक, स्ट्रोक, हार्ट फेल्युअर वगैरे त्रास २५ टक्क्यांनी कमी झाले, ही झाली बातमीतली ओळ. पण पेपरमध्ये बघितलं तर वर्षाला २.१९ टक्के लोकांऐवजी १.६५ टक्के, म्हणजे फरक साधारण अर्ध्या टक्क्याचा. दोन्ही आकडे खरेच आहेत आणि फायदाही खरा आहे, पण पहिला ऐकून जे वाटतं आणि दुसरा वाचून जे कळतं त्यात खूप अंतर आहे. शिवाय त्याच गटात बीपी फार खाली जाणं, चक्कर येऊन शुद्ध हरपणं आणि किडनीचा त्रास जास्त दिसला. आणि तिथे बीपी मोजायचे ते पाच मिनिटं शांत बसवून ऑटोमॅटिक मशीनने, जिना चढून आल्या आल्या पट्टा बांधून घेतलेलं रीडिंग त्याच्याशी कसं जुळणार!

हे वाचून मी आईची गोळी वाढवली किंवा कमी केली असं अजिबात नाही, तसं कुणी करूच नका. पण डॉक्टरांना विचारायला प्रश्न मिळाला: हिला उभं राहताना कधी कधी गरगरतं, तर हिच्यासाठी टार्गेट किती ठेवायचं? त्यांनी उभं करून पुन्हा बीपी मोजलं आणि नीट बोलले.

बाबांच्या एचबीए१सीचंही, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या टेस्टचंही, असंच. रिपोर्टमध्ये ५.८ टक्के. अमेरिकेच्या हिशोबाने ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या आधीची पायरी, म्हणजे बाबा त्यात आले. ब्रिटनमध्ये हाच आकडा मिलिमोल प्रति मोल या एककात देतात, तिथे ४२ ते ४७ ला धोक्याचा पट्टा म्हणतात आणि बाबांचे होतात साधारण ४०, म्हणजे तिकडे ते पट्ट्याच्या बाहेर. डायबेटिसची रेघ मात्र दोन्हीकडे एकच, ६.५ टक्के म्हणजेच ४८. माणूस तोच, रक्त तेच, रेघ कुठे मारायची एवढाच फरक, आणि हे माहीत नसलं की माणूस उगाच रात्रभर जागतो. लोहाची कमतरता असेल तर हा आकडा खोटा वर जाऊ शकतो हेही लक्षात ठेवा, हिमोग्लोबिनचा रिपोर्ट सोबत न्या.

कॉक्रेन १९९३ पासून आहे, एकाच उपचारावरचे सगळे अभ्यास गोळा करून, त्यातला कुठला किती भरवशाचा हे तपासून ते एकत्रित निष्कर्ष देतात, यालाच रिव्ह्यू म्हणतात. मूळ रिव्ह्यू शेकडो पानांचा असू शकतो, त्यात शिरायची गरज नाही, साध्या भाषेतला सारांश वाचा. तिथे पुराव्यावर किती विसंबायचं हे चार पायऱ्यांत सांगतात, उच्च, मध्यम, कमी, फारच कमी. 'कमी' लिहिलं म्हणजे उपचार निकामी असं नाही, अजून खात्रीने सांगता येत नाही एवढंच. आणि हे रिव्ह्यू बदलत राहतात. गुडघ्याच्या झिजेवर व्यायाम हा विषय मी आईसाठी बघितला, २०१५ ची आवृत्ती चांगलीच आशादायक आहे, २०२४ ची जास्त सावध आहे, फायदा दिसतो पण पेशंटला जाणवेल इतका मोठा आहे का याबद्दल ते हात राखून बोलतात. आई व्यायाम करतेच आहे, फक्त महिनाभरात दुखणं पळून जाईल असं आता तिला कुणी सांगत नाही.

पबमेड सगळ्यात शेवटी उघडा. कोट्यवधी पेपरांची ती यादी आहे, तिथे पेपर सापडला म्हणजे तो खरा ठरला असं नाही. लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला १९९८ चा पेपर तिथे आजही दिसतो, फक्त २०१० मध्ये तो मागे घेतल्याची ठळक सूचना वर असते. सर्च केल्यावर डावीकडे फिल्टर आहेत, सिस्टेमॅटिक रिव्ह्यू (कॉक्रेनसारखे, अनेक अभ्यास एकत्र तपासलेले) लावा, माणसांवरचेच अभ्यास लावा, आणि पूर्ण पेपर वाचायचा असेल तर फ्री फुल टेक्स्ट. नाहीतर उंदरांवरचा प्रयोग वाचून आपण घरी आशा लावून बसतो.

खरी अडचण भाषेची. मेडलाइनप्लसचा मुख्य मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, बाकी ठिकाणीही बराचसा इंग्रजीच. ज्यांना या माहितीची सगळ्यात जास्त गरज आहे ते आपले आईबाबा ती स्वतः वाचू शकत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. मोबाइलवर भाषांतर करून मिळतं पण गोळ्यांच्या बाबतीत मी त्यावर विसंबत नाही. त्यामुळे प्रत्येक गोळीचा एक कागद मी हाताने मराठीत लिहिलाय, मोठ्या अक्षरात, गोळी कशासाठी, कधी घ्यायची, कशाबरोबर नाही आणि काय झालं तर लगेच फोन करायचा. डोस आणि वेळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून, बाकीचं मूळ इंग्रजी पानावरून दोनदा ताडून, आणि पुढच्या व्हिजिटला तो कागद डॉक्टरांच्या समोर ठेवून.