ठोसेघर, भांबवली की वासोटा: साताऱ्याहून एका दिवसासाठी निवड

पावसाने जोर धरला की सातारकरांच्या घरोघरी रविवारचा एकच प्रश्न असतो: ठोसेघरला जायचे, भांबवलीला, की यंदा वासोट्याचा किल्ला करायचाच? तिन्ही ठिकाणे शहरातून सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येण्याजोगी आहेत आणि तिन्ही सुंदर आहेत. त्यामुळे सौंदर्याच्या निकषावर निवड करू पाहणाऱ्याचा निर्णय कधीच होत नाही. माझ्या मते आधी महिना पाहावा, मग बरोबर कोण येणार आहे ते पाहावे आणि गावाचे नाव शेवटी घ्यावे. आपल्या या डोंगरपट्ट्यात धबधबा आणि वाट क्वचितच एका वेळी भरात असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी जोरात असते तेव्हा पायवाट निसरडी असते आणि दरी धुक्याने भरलेली असते. वाट कोरडी होऊन चालणे सुखाचे होते तोवर कड्यावर पाण्याची रेघही उरलेली नसते.

ठोसेघर तिघांत सर्वांत सोपे आहे. बोगद्यातून बाहेर पडून सज्जनगडाच्या रस्त्याला लागावे आणि गडाचा फाटा मागे टाकून बोरणे घाट चढावा, म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटरवर आपण तारळी नदीच्या उगमाकडच्या या पठारावर पोहोचतो. वाहनतळापासून पायऱ्या आणि बांधलेली वाट थेट कठडा घातलेल्या सज्जापर्यंत जाते, त्यामुळे आजी-आजोबा आणि लहान मुले दोघांनाही इथे निर्धास्त नेता येते. मात्र याला डोंगरभटकंती म्हणता येणार नाही. धबधबा समोरच्या कड्यावरून खोल दरीत कोसळतो आणि आपण तो पलीकडून पाहतो. त्याच्या पायथ्याशी जाण्याचा विचारही मनात आणू नये.

ठोसेघरची खरी अडचण धुक्याची आहे. एका जुलैमध्ये आत्याला घेऊन गेलो होतो, तेव्हा सज्जावर तासभर उभे राहूनही आम्हाला पांढऱ्या पडद्यापलीकडून येणारा घनगंभीर आवाज तेवढा ऐकू आला, पाण्याचा थेंबही दिसला नाही. कंटाळून परत फिरलो आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असतानाच दरीतून वारा वर आला. पडदा बाजूला सरला आणि जेमतेम दोन मिनिटे सगळा कडा वरपासून खालपर्यंत उघडा पडला. आत्या तेवढ्यावरही खूश होती, पण फक्त छायाचित्रासाठी आलेली मंडळी तोवर भज्यांच्या टपरीवर जाऊन बसली होती. म्हणून इथे घाईने जाऊ नये. धुके अगदीच हटले नाही, तर परतीच्या वाटेवर सज्जनगड आहेच: समर्थांची समाधी, दुपारचा महाप्रसाद आणि ढग फाटलेच तर उरमोडी जलाशयाचे दर्शन. दिवस वाया जात नाही, हा ठोसेघरचा मोठा गुण.

भांबवलीचा वजराई धबधबा यवतेश्वर-कास रस्त्याने, कास तलावाच्याही पुढे, शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे. त्याची उंची १८४० फूट सांगितली जाते आणि तो तीन टप्प्यांत उतरतो. उरमोडीचा उगम इथलाच, म्हणजे सज्जनगडावरून जे धरण दिसते त्यातले पाणी याच कड्यावरून गेलेले असते. गाडी लावल्यावर दाट झाडीतून चालत जावे लागते. अंतर फार नाही, पण पायाखाली चिखल, मुळे आणि ओले दगड असतात, त्यामुळे ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी विचार करूनच पाऊल टाकावे. मला स्वतःला ठोसेघरपेक्षा हे ठिकाण अधिक आवडते, कारण इथे धबधबा गाठावा लागतो; आधी कानावर येतो आणि बऱ्याच वेळाने झाडांच्या फटीतून पहिला टप्पा दिसतो.

जळवांचे मात्र आधीच सांगून ठेवतो. भर पावसात या झाडीत त्या गवताच्या पात्याच्या टोकावर उभ्या असतात, दोऱ्याइतक्या बारीक, आणि पायाचा स्पर्श होताच चिकटतात. चावल्याचे कळत नाही. मोजा काढल्यावर घोट्याशी रक्ताचा ओघळ दिसतो तेव्हा लक्षात येते. ओढून काढण्याची घाई करू नये. फडक्यात बांधलेली मिठाची पुरचुंडी ओली करून तिच्यावर टेकवली की ती आपोआप गळून पडते. लहान मुलांना याची कल्पना देऊन ठेवली नाही, तर पुढचा सगळा वेळ रडारडीत जातो.

भांबवलीसाठी सर्वोत्तम काळ सप्टेंबरचा उत्तरार्ध: पाणी टिकून असते, धुके विरळ होते आणि वाट थोडी वाळते. गंमत अशी की नेमक्या याच दिवसांत कासच्या फुलांचा हंगाम असतो. सह्याद्रीतील जी स्थळे २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली त्यांत कास आहे, त्यामुळे रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते. आठवड्यातला एखादा कामाचा दिवस मोकळा करता आला तर उत्तम. नाहीतर उजाडायच्या आत समर्थ मंदिराचा चौक ओलांडलेला बरा. कासचे पठार त्याच दिवशी पाहायचे असल्यास प्रवेशाची नोंदणी आधी करून ठेवावी, पण दोन्ही एकाच दिवसात कोंबू नये असेच मी सुचवेन.

वासोट्याची तुलना या दोघांशी करणे खरे तर अन्यायाचे आहे, कारण पावसाळ्यात तो बंदच असतो. तरीही ‘धबधबा नको, पण दिवसभर चालायचे आहे’ असे ज्यांचे म्हणणे असते, त्यांच्यासाठी तिघांत हाच एक पर्याय आहे. पस्तीसेक किलोमीटरवरील बामणोलीला वनखात्याची परवानगी घ्यायची आणि कोयनेच्या शिवसागर जलाशयातून सुमारे दीड तास बोटीने जायचे, मग मेट इंदवलीच्या काठावर पाय टेकतो. तिथून ओढ्याकाठचे मारुतीचे भग्न मंदिर ओलांडले की गडापर्यंतची सगळी चढण कोयना अभयारण्याच्या दाट जंगलातून आहे. माथ्यावर महादेवाचे मंदिर आहे आणि बाबूकड्याच्या टोकावरून कोकणाकडे तुटलेली भिंत दिसते. ती पाहताना साताऱ्याच्या कैद्यांना इथेच का ठेवत असत हे वेगळे सांगावे लागत नाही.

खर्चाचा हिशेबही वेगळा आहे. ठोसेघर आणि भांबवलीला पेट्रोल आणि किरकोळ प्रवेशशुल्क एवढ्यात भागते. वासोट्याला बोटीचे भाडे संपूर्ण बोटीमागे असते, म्हणून दोघेच गेल्यास ते अंगावर येते आणि आठ-दहा जण असल्यास फारसे जाणवत नाही. संख्या कमी असेल तर बामणोलीच्या धक्क्यावर दुसऱ्या एखाद्या गटाची वाट पाहून बोट वाटून घ्यावी, तशी विचारणा तिथे नेहमी चालते. वाटेत खाण्याची सोय नाही, त्यामुळे भाकरी-चटणी आणि माणशी किमान तीन लिटर पाणी बरोबर असावे. गडाची सवय नसलेल्यांनी आधीचे दोन-तीन आठवडे रोज सकाळी अजिंक्यतारा चढून पाहावा; तेवढ्यात धाप लागत असेल, तर वासोटा पुढच्या वर्षी करावा.

म्हणून ज्येष्ठ मंडळी आणि मुले बरोबर असतील आणि महिना जुलै किंवा ऑगस्ट असेल, तर मी ठोसेघर आणि सज्जनगड हीच जोडी सांगतो. पाय धड असलेल्या चार-पाच जणांना सप्टेंबरअखेर भांबवलीला पाठवतो. दिवाळीनंतर दहा जण जमले, तर पहाटे पाचला साताऱ्यातून निघावे, म्हणजे बामणोलीहून सुटणाऱ्या पहिल्या बोटींपैकी एक मिळते. बोटवाल्याने परतीची जी वेळ सांगितली असेल, तिच्या अर्धा तास आधी काठावर हजर राहावे, कारण अंधार पडल्यावर अभयारण्यात थांबता येत नाही.