फीचरची घासाघीस : एका खेळ-कार्यशाळेविषयी

गृहनिर्माण संस्थांच्या देखभाल-वर्गणीचा हिशोब ठेवणारे सॉफ्टवेअर आमची बाणेर येथील टीम बनवते. रोडमॅपच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये पुढे काय काय बनवायचे याच्या, प्रत्येक बैठकीत तेच तिघे-चौघे बोलतात आणि सपोर्ट व टेस्टिंगमधील सहकारी नुसती मान डोलावतात, या अडचणीवर उपाय म्हणून आम्ही पुण्यातीलच एका छोट्या प्रशिक्षण संस्थेकडून दिवसभराची कार्यशाळा करून घेतली. त्यात ल्यूक होमन या अमेरिकी सॉफ्टवेअर-तज्ज्ञांनी प्रचलित केलेल्या सहयोगी खेळांपैकी तीन खेळ होते.

त्यांतील 'बाय अ फीचर' या एका खेळासाठीही शुल्क सत्कारणी लागले असे म्हणता येईल. यात प्रत्येक फीचरला, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये नव्याने घालायच्या सोयीला, ते बनवण्याच्या कष्टाच्या प्रमाणात किंमत लावतात आणि खेळाडूंना खोट्या नोटा वाटतात. परंतु सर्वांचे पैसे एकत्र केले तरी यादीतील थोडीच फीचर घेता येतात आणि काहींची किंमत तर एकट्याला परवडणारच नाही अशी मुद्दाम ठेवलेली असते. त्यामुळे दुसऱ्याला पटवल्यावाचून गत्यंतर उरत नाही. किमती अंदाजे न लावता कार्यशाळेच्या संचालकांनी त्या आमच्या डेव्हलपरांसोबत आधी बसून ठरवल्या होत्या, आणि कंपनीच्या प्रमुखांना खेळात न घेता निरीक्षक म्हणून बसवले, हेही योग्यच झाले. पाण्याच्या टँकरच्या फेऱ्यांची नोंद हे फीचर आम्ही कित्येक महिने किरकोळ समजत होतो. सपोर्टमधील एका सहकारी बाईंनी त्यासाठी आपल्या सर्व नोटा टेबलावर ठेवल्या आणि उन्हाळ्यात सोसायट्यांच्या सचिवांचे फोन नेमके कशासाठी येतात हे सांगून आणखी दोघांकडून पैसे मिळवले. अमेरिकेतील सॅन होजे शहरात २०११ मध्ये अर्थसंकल्पातील प्राधान्यक्रमासाठी नागरिकांना हाच खेळ खेळवण्यात आला होता. पुणे महापालिकाही २००६ पासून नागरिकांकडून कामे सुचवून घेते, पण तेथे अर्ज भरायचा असतो, शेजाऱ्याशी घासाघीस करायची नसते.

'स्पीड बोट'मध्ये होडीचे चित्र काढून तिला मागे खेचणारे नांगर, म्हणजे उत्पादनातील त्रासदायक गोष्टी, चिठ्ठ्यांवर लिहून लावतात. जितका त्रास मोठा तितका नांगर खोल. तक्रार माणसाविषयी न होता चित्राविषयी होते, म्हणून हा खेळही उपयोगी पडला. उत्पादनाचे काल्पनिक खोके रंगवून ते विकून दाखवण्याचा 'प्रॉडक्ट बॉक्स' मात्र आमच्याकडे स्नेहसंमेलनाच्या वळणावर गेला. तो मुळात ग्राहकांकडून करून घेण्याचा खेळ आहे आणि आमच्या खोलीत एकही ग्राहक नव्हता.

खरी उणीव नोंदींची होती. कोणी काय विकत घेतले यापेक्षा ते का घेतले, कोणता युक्तिवाद कोणाला पटला, हे अशा खेळात अधिक मोलाचे असते आणि त्यासाठी स्वतंत्र नोंदकर्ता बसवणे अपेक्षित असते. येथे संचालक एकटेच होते, त्यामुळे नंतर आलेल्या अहवालात केवळ खरेदीची यादी मिळाली आणि टँकरचा तो सगळा युक्तिवाद आम्हाला आठवून लिहावा लागला. शिवाय व्हिडिओवरून सामील झालेल्या नागपूरच्या सहकाऱ्यांच्या नोटा दुसऱ्यानेच हाताळल्याने ते प्रेक्षकच राहिले.

पुढच्या खेपेस पहिले दोन खेळच अर्ध्या दिवसात घ्यावेत आणि नोंदकर्ता सोबत आणावा, असे आम्ही कळवले आहे. नोंदकर्ता येईल, शुल्क मात्र पूर्ण दिवसाचेच पडेल, असे उत्तर आले आहे.