गो ९२.५ ते रेडिओ वन ९४.३ : आकडा बदलला, गाणी दोनदा बदलली

मुंबईत २००२ साली खासगी एफएम सुरू झालं, तेव्हा मिड-डेचं 'गो ९२.५' लगेच वेगळं ओळखू यायचं. रेडिओ मिरची आणि रेडिओ सिटीचा भर हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर, तर इथे इंग्रजी पॉप, निवेदनही इंग्रजी आणि सकाळी जग्गू-तराना ही निवेदकांची जोडी. गाणी काय, कॅसेटवरही मिळत होती. ती जोडी मात्र दुकानात मिळत नव्हती. स्टेशनची खरी ताकद तीच होती.

अडचण झाली ती पैशाची. खासगी एफएमच्या पहिल्या टप्प्यात सरकारला द्यायची मुंबईची लायसन्स फी वर्षाला ९.७५ कोटी होती, वर दरवर्षी १५ टक्के वाढ. म्हणजे पाचव्या वर्षी आकडा सतरा कोटींवर. जाहिरात मिळो न मिळो, फी भरायचीच. 'विन ९४.६' हे दुसरं खासगी स्टेशन ह्याच काळात बंद पडलं. २००५च्या धोरणाने ठरावीक फीऐवजी उत्पन्नाचे ४ टक्के असा हिशेब आणला आणि श्वास घ्यायला जागा मिळाली, पण त्याच दाराने नवी स्टेशनंही आत आली. गोचं रेडिओ वन झालं, बीबीसी वर्ल्डवाइड भागीदार आली आणि गाणी हिंदी झाली.

त्यातच आकडाही बदलला. आजची मुंबईची यादी बघा: ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. दोन स्टेशनांत ०.८ मेगाहर्ट्झचं अंतर. ह्या फूटपट्टीत ९२.५ कुठेच बसत नाही. नाव नवं, गाणी नवी, जागाही नवी. तीन सवयी एकदम मोडायला सांगितल्या, तर श्रोता शेजारच्या स्टेशनवर जातो आणि तिथेच रमतो. २००७पासून कोण कोणतं स्टेशन ऐकतं ह्याची 'रॅम' मोजणी सुरू झाली, ती डायरीवर. ऐकणाऱ्याने आठवून लिहायचं. ज्याचं नाव तोंडात बसलेलं, त्याच्या नावापुढे खूण. त्यात हिंदी हिट गाणी सगळीकडे तीच, म्हणून हा काळ सगळ्यात फिका.

पुढे आधी दिल्लीत आणि मग मुंबईत रेडिओ वन पुन्हा इंग्रजीकडे वळलं. ह्या निर्णयाला दाद द्यायला हवी. श्रोते कमी, पण जाहिरातदाराला कोणते श्रोते मिळणार हे स्पष्ट. २०१९ मध्ये रेडिओ वनच्या कंपनीचा ताबा एचटी मीडियाकडे गेला.

इंग्रजी पॉप स्टेशनबद्दल नेहमीची तक्रार म्हणजे 'तेच तेच वाजतं'. ते मुद्दामच वाजवतात, पण गणित चुकलं की त्रास होतो. समजा, एकदम ताज्या हिट गाण्यांच्या गटात ८ गाणी ठेवली आणि तासाला त्यातली ३ वाजवली. प्रत्येक गाणं २ तास ४० मिनिटांनी परत येतं. दिवसाला जागा ७२, आणि ७२ला ८ने पूर्ण भाग जातो. झालं! रोज त्याच वेळेला तेच गाणं. ८.१२ची लोकल पकडणाऱ्याला आठवडाभर एकच ट्यून. गटात ७ गाणी ठेवली, तर फेरी २ तास २० मिनिटांची होते, म्हणजे आणखी लवकर. पण बाकी उरते, त्यामुळे वेळ रोज सरकते आणि गंमत म्हणजे कंटाळा कमी येतो. स्टेशन पारखायचं असेल तर रोज एकाच वेळी न ऐकता तीन दिवस तीन वेगळ्या वेळी ऐका. गाणी फिरतात की नुसती गोल गोल येतात, ते कळेल.

इंग्रजी गाणं साधारण साडेतीन मिनिटांचं, हिंदी चित्रपटगीत बऱ्याचदा साडेचार-पाचचं. तासातली १२ मिनिटं जाहिराती आणि ४ मिनिटं बोलणं धरलं, तर इंग्रजीत बारा गाणी बसतात, हिंदीत आठ-नऊ. इंग्रजी स्टेशन 'पळतं' वाटतं ते ह्यामुळे.

गो काळाला पाचपैकी चार, हिंदी काळाला दोन, दुसऱ्या इंग्रजी काळाला तीन. एक गुण कापला तो सकाळसाठी: जग्गू-तरानाच्या तोडीची सवय पुन्हा लागली नाही. मराठी गाणी हवी असतील तर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लावा, इथे शोधू नका.

ऐकण्याबद्दल थोडं. फोनवर इअरफोनची वायर हीच अँटेना, ती गुंडाळून खिशात कोंबू नका. लोकलचा डबा लोखंडी, म्हणून खिडकीजवळ बसा. खरखर आली तर सेटिंगमध्ये मोनो करा. स्टीरिओला जास्त दमदार सिग्नल लागतो. आणि मुंबई-पुणे प्रवासात घाटात ९४.३ लावून ठेवू नका. पुण्याचं रेडिओ वनही ९४.३वरच आहे. एफएम रिसीव्हर दोनपैकी जोरकस सिग्नल पकडतो आणि दोन्ही तुल्यबळ झाले की वळणावळणाला उड्या मारतो: अर्धं कडवं मुंबईचं, अर्धं पुण्याचं.