कॅम्परमधला डिझेल हीटर: चौदा महिने वापरल्यानंतर

आधीच सांगतो, हीटर चांगला आहे. पहिला हिवाळाभर मात्र मी त्याला नावं ठेवत होतो आणि बदलायलाही निघालो होतो. चूक बसवण्यात होती, आणि ती कळायला मला फार वेळ लागला.

आम्ही साताऱ्याचे. जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन तिचा कॅम्पर, म्हणजे आत झोपता-राहता येईल अशी गाडी, करून घेतला आहे. आईला संधिवात आहे, आणि फिरायची हौस घरात सगळ्यांत जास्त तिलाच. महाबळेश्वरला कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाकडे पहाटे दवबिंदू गोठतात. अशा रात्री गाडीत तिचे गुडघे धरायचे, म्हणून मागच्या नोव्हेंबरात १२ व्होल्टचा, खोक्यावर ५ किलोवॉट लिहिलेला हीटर बसवला. त्यात डिझेल एका बंद कोठीत जळतं. त्यासाठीची हवा गाडीच्या खालून येते आणि धूर खालीच जातो. गाडीतली हवा फक्त त्या तापलेल्या कोठीवरून फिरून परत येते.

पहिली रात्र भिलारजवळ, ओळखीच्यांच्या स्ट्रॉबेरीच्या शेतात. हीटरच्या पॅनेलवर २२ अंश लावलं. पंखा जोरात चालू, हवा मात्र कोमट. मागच्या बाजूला, आईच्या पलंगाशी, तेवढीही नाही. पहाटे तर तो चालूच होईना. दोनदा पांढरा धूर सोडून बंद पडला. आई दोन गोधड्या घेऊन बसून राहिली, एक शब्द बोलली नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मला वाटलं डिझेलमध्ये कचरा असेल. फिल्टर बदलला, फरक पडला नाही. बसवणाऱ्यांना फोन केला तर ते म्हणाले, "एवढीच गरम होते हवा." तेव्हा नवा घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. त्याआधी एमआयडीसीतल्या वायरिंगवाल्या मामांकडे गाडी नेली. त्यांनी हीटर उघडलाही नाही. मीटर काढला आणि म्हणाले, "चालू कर, मग बघू."

बॅटरी नुसती असताना १२.६ व्होल्ट होती. स्टार्ट करताना हीटरचा ग्लो प्लग, म्हणजे लाल तापून डिझेल पेटवणारी कांडी, तापायला आठ-दहा अँपिअर ओढतो. त्या क्षणी बॅटरीच्या टोकांवर १२.३ आणि हीटरच्या सॉकेटवर १०.९. मधले १.४ व्होल्ट वायरीतच जात होते. बॅटरी मागे, हीटर पुढच्या सीटखाली, पाच मीटरचं अंतर, आणि वायर दीड स्क्वेअरची (जाडी दीड चौरस मिलिमीटर). "ही वायर बल्बाची हाय, हिटरची न्हाय," मामा म्हणाले. सहा स्क्वेअरची तांब्याची वायर थेट बॅटरीपासून, मधे फ्यूज घालून ओढली. आता सॉकेटवर स्टार्टला १२ मिळतात. प्लग नीट लाल होत नसेल तर डिझेल अर्धवट जळतं, काजळी धरते, आणि काजळी धरली की उष्णता हवेपर्यंत पोचत नाही. पांढऱ्या धुराचं मूळ तिथं होतं. कोठी उघडली तेव्हा आत काळा थर होताच, आणि प्लगभोवतीची बारीक जाळी पार बुजलेली. जाळी नवी बसवली.

याने हीटर पहिल्या फटक्यात चालू व्हायला लागला, पण गाडी अजून तापत नव्हती. त्याची दोन कारणं मला स्वतःला सापडली. हीटर सीटखालच्या पेटीत होता आणि पेटीला हवा आत यायला तळहाताएवढंही भोक नव्हतं. पुरेशी हवा मिळाली नाही की तो आतून जास्त तापतो आणि स्वतःला जपायला जळण कमी करतो. पेटीच्या दोन बाजूंना जाळ्या केल्या, मागे जाणारा पाइप सोफ्याखाली काटकोनात दुमडला होता तो मोठ्या वळणाने टाकला. दुसरं म्हणजे, तापमान मोजणारं पॅनेल गरम हवेच्या तोंडाच्या अगदी वर होतं. त्याला वाटायचं गाडी तापली. ते आईच्या पलंगाजवळ, उशीच्या उंचीला नेलं.

त्यानंतर बामणोलीला, शिवसागर जलाशयाच्या काठावर मुक्काम केला. अर्ध्या तासात गाडी उबदार झाली, मागेसुद्धा. आईने रात्री शाल काढून ठेवली.

पावसाळ्यात हीटर बंदच होता. या नोव्हेंबरात चालू केला तर पुन्हा काळा धूर. वायर तपासली, ठीक होती. मग गाडीखाली झोपून पाहिलं: जळणाची हवा ओढणाऱ्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. आता हंगाम संपला की दोन्ही नळ्यांच्या तोंडाला कापड बांधतो आणि सोडायचं विसरू नये म्हणून पॅनेलवर चिठ्ठी चिकटवतो. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

तासन्‌तास मंद आचेवर ठेवला की काजळी लवकर धरते, तेव्हा बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं पूर्ण जोरावर चालवतो. बंद पॅनेलवरूनच करायचा, बॅटरीची कळ दाबून नाही. कोठी थंड होईपर्यंत पंखा फिरायलाच हवा. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय कुणाला गाडीत झोपवू नका. हा वायू दिसत नाही, वास येत नाही. धुराची नळी खिडकीपासून दूर काढा आणि तिचे सांधे दर हंगामाला हाताने हलवून बघा.

डिझेल कमी लागतं, तक्रार नाही. तक्रार एकच उरली आहे, हीटरला डिझेल पुरवणाऱ्या पंपाची टकटक. तो चासीला थेट बोल्टने आवळला आहे आणि रात्री पलंगात ऐकू येतो. आई म्हणते तिला त्याच आवाजावर झोप लागते. मला लागत नाही, पुढच्या आठवड्यात मामांकडून रबराच्या पट्टीवर बसवून घेणार आहे.