पाळ्या सांभाळून कोडिंग: फ्रीकोडकॅम्प, सीएस५० आणि ओडिन वर्षभर वापरल्यावर

प्रोग्रॅमिंग शिकवणारे हे तीन ऑनलाइन कोर्स. घाई असेल त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. फ्रीकोडकॅम्पवर सुरुवात करा, पण तिथे रमू नका. सीएस५० शेवटपर्यंत करा, मध्येच लॅपटॉप आपटावासा वाटला तरी. ओडिन प्रोजेक्ट वेबच्याच कामात जायचं नक्की असेल तरच. तिन्हींना रुपया लागत नाही. बाकीचं सविस्तर खाली.

मी मेकॅनिकल डिप्लोमावाला. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला होतो, तीन पाळ्यांत. राहायला पाचगाव. तिशी उलटलेली, घरी बायको, बालवाडीतली मुलगी आणि घराचा हप्ता. कॉम्प्युटरची ओळख म्हणजे एक्सेल आणि स्पेक्ट्रोला (धातूतले घटक तपासणाऱ्या यंत्राला) जोडलेला एक म्हातारा पीसी. हे मुद्दाम सांगतोय, कारण "सहा महिन्यांत डेव्हलपर व्हा" म्हणणारी यूट्यूबवरची मंडळी बहुतेक बाविशीतली, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग झालेली आणि आईच्या हातचं आयतं खाणारी असतात. त्यांचं वेळापत्रक आपल्याला लागू पडत नाही. पहिली पाळी असली की संध्याकाळ हाताशी असते. दुसऱ्या पाळीत सकाळचे दोन तास निघतात. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात नवीन काही शिकायच्या भानगडीत पडू नका. झोप तुटलेली असली की साधा लूपसुद्धा डोक्यात शिरत नाही. त्या आठवड्यात मी फक्त आधीचा कोड वाचत बसायचो. सोमवारी सुट्टी, तो दिवस अभ्यासिकेत. तिथे सगळे एमपीएससीवाले. लॅपटॉप उघडून बसलेला माझ्या वयाचा माणूस दिसला की शेजारचा हमखास विचारणार, "दादा, कुठल्या पोस्टची तयारी?"

कोर्स किती छान समजावतो यावरून तो ठरवू नये, असं माझं मत झालंय. छान समजावणारे पैशाला पासरी मिळतात. आपण अडकलो की कोर्स काय करतो, ते बघायचं. तिन्हींचं मोजमाप मी त्याच एका काट्यावर केलंय.

फ्रीकोडकॅम्प ही २०१४ पासून चालणारी ना-नफा संस्था. एका बाजूला सूचना, मध्ये कोड, पलीकडे निकाल, सगळं ब्राउझरमध्येच. सुरुवातीला मांजरांच्या फोटोंचं एक पान बनवून घेतात. पायऱ्या इतक्या बारीक की अडकायला जागाच नसते. चुकलंच तर कुठल्या टॅगात काय राहिलंय तेही तोच सांगतो. थोड्या दिवसांत आपल्याला एचटीएमएल (वेबपानं मांडायची भाषा) येतं असं वाटायला लागतं आणि मग कोरी फाइल उघडली की बोटं थांबतात. प्रमाणपत्रासाठीचे प्रोजेक्ट त्याला अपवाद, तिथे फक्त अटींची यादी देतात आणि पान तुमचं तुम्हाला उभं करायचं असतं. जावास्क्रिप्टची तोंडओळख होईपर्यंत थांबा आणि निघा.

सीएस५० हा हार्वर्ड विद्यापीठाचा कॉम्प्युटर सायन्सचा प्रास्ताविक कोर्स, शिकवतात डेव्हिड मलान. पहिल्याच व्याख्यानात ते टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी मधोमध फाडतात आणि नको असलेला अर्धा भाग फेकून देतात. दर वेळी निम्मा ढीग बाद करत गेलं तर हजार पानांत नाव शोधायला दहा-एक पावलं पुरतात, हे त्यातून डोळ्यांनी दिसतं. लई भारी वाटतं. मग पुढच्याच आठवड्याला सी ही भाषा येते आणि हसू मावळतं.

सगळे सांगतात की पायथन या सोप्या भाषेने सुरुवात करा, आणि इथे पायथन येतं थेट सहाव्या आठवड्याला. तोवर सीमध्ये ॲरे, मेमरी, पॉइंटर, लिंक्ड लिस्ट, सगळं हातानं. मला सुरुवातीला हा वेळेचा अपव्यय वाटला. आता वाटत नाही, आणि त्याला कारण आहे रिकव्हर नावाचं गणित. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डाची एक फाइल देतात, त्यातले फोटो पुसले गेलेत, ते परत मिळवायचे. फाइल ५१२-५१२ बाइटच्या तुकड्यांत वाचायची. तुकड्याचे पहिले तीन बाइट २५५, २१६, २५५ असे ओळीनं आले आणि चौथ्याचा वरचा अर्धा भाग ठरलेला निघाला, की तिथे नवा फोटो सुरू झाला. मग आधीची फाइल बंद करायची, नवी उघडायची आणि पुढचे तुकडे तिच्यात ओतत राहायचं. एवढंच. पण हे चालायला लागलं आणि फोल्डरमध्ये एकामागून एक पन्नास फोटो उमटले, तेव्हा फोटो म्हणजे निव्वळ आकड्यांची रांग असते हे मला पहिल्यांदा खरं वाटलं. कुठल्याही व्हिडिओनं ते वाटलं नसतं.

अडकल्यावर सीएस५० काय करतो? फारसं काही करत नाही. चेक५० नावाचं तपासणी साधन आहे; ते चालवलं की बरोबर उत्तरापुढे हिरवा हसरा चेहरा आणि चुकीपुढे लाल रडका चेहरा येतो. अपेक्षित काय होतं आणि तुमच्याकडून काय आलं एवढं सांगतं. का चुकलं ते तुमचं तुम्ही बघा. "सेगमेंटेशन फॉल्ट" (प्रोग्रॅम नको त्या मेमरीला हात लावून कोसळला) हे दोन शब्द वाचून मी अनेकदा रात्री पाचगावच्या माळावर चक्कर मारून आलोय. पण शिकणं म्हणतात ते नेमकं तिथेच होतं. तिसऱ्या आठवड्यात निवडणुकीच्या मतमोजणीची दोन गणितं आहेत, रनऑफ आणि टाइडमन. एकच करायचं असतं. रनऑफ करा. टाइडमन कुप्रसिद्ध आहे, त्यापायी कोर्स सोडणारेही भेटतात, आणि ते केल्याबद्दल वेगळं कुणी फेटा बांधत नाही.

चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून उत्तर काढून घ्यायला कोर्समध्ये बंदी आहे. त्यांचं स्वतःचं एक एआय बदक आहे, ते इशारे देतं पण उत्तर देत नाही. कुणी बघत नाही म्हणून नियम मोडणं सोपं आहे. मी पाळला, कारण पुढे कामावर एआय वापरायचंच आहे आणि त्यानं दिलेला कोड बरोबर की चूक हे ओळखायची नजर आधी हवी.

इंग्रजीबद्दल बरेच जण घाबरतात. व्याख्यानांना सबटायटल असतात, वेग कमी करून ऐकता येतं, महिनाभरात कान बसतो. तरीही संकल्पना आधी आपल्या भाषेत हवी असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरिअल मराठीतही आहेत. छोटे छोटे भाग, शेजारी खिडकी उघडून सोबत करायचे. आवाज जरा शाळेतल्या पाठ्यपुस्तकासारखा, काही भाग जुन्या आवृत्त्यांवरचे, पण लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीच्या) आज्ञा मी त्यावरच शिकलो. एक मात्र खरं की एरर मेसेज आणि डॉक्युमेंटेशन इंग्रजीतच वाचावं लागतं. त्याला पळवाट नाही.

जाता जाता एक गंमत. सीमध्ये "कोल्हापूर" या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर येतं २७. पायथनमध्ये ९. आणि आपण बोटांवर मोजली तर अक्षरं चार. पायथन काना, मात्रा, हलन्त सुटे मोजतं; सी त्या प्रत्येकाचे तीन-तीन बाइट मोजतं. हे ज्याला माहीत नाही त्याच्या फॉर्ममध्ये आपली मराठी नावं अर्ध्यात तुटतात. तशी तुटलेली नावं आपण पावत्यांवर रोज बघतो.

ओडिनबद्दल थोडक्यात. तिथे अडकलात की तो तुम्हाला दुसरीकडे वाचायला पाठवतो. धडा छोटा, खाली दुव्यांची यादी, मग प्रोजेक्ट: दगड-कागद-कात्री, कॅल्क्युलेटर वगैरे. खऱ्या नोकरीतली पद्धत हीच. विंडोजवर थेट काम करू नका असं ते बजावतात. माझ्या जुन्या चार जीबीच्या लॅपटॉपवर तसंही विंडोज रांगत होतं, त्यामुळे लिनक्स टाकलं ते बरंच झालं. गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाची) सवय लागली ती इथेच. पण फाउंडेशन्स या पहिल्या भागानंतर रिॲक्ट, नोड या जावास्क्रिप्टच्या साधनांचा लांबचा पल्ला आहे आणि पाळ्यांमध्ये तो रेटणं जड जातं.

आता मुख्य भाग. सीएस५०च्या शेवटी स्वतःचा प्रोजेक्ट करायचा असतो आणि त्याचा तीन मिनिटांच्या आतला व्हिडिओ द्यायचा असतो. मी आमच्या प्लांटची रिजेक्शन वही, म्हणजे नापास मालाच्या नोंदींची वही घेतली. ब्लोहोल, कोल्ड शट, सँड इन्क्लूजन, मिसमॅच, जो दोष असेल तो पाळीला वहीत लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणीतरी एक्सेलमध्ये चढवायचा. फ्लास्क (पायथनमधून वेबपान चालवायचं साधन) आणि एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) वापरून पान केलं, जुन्या पीसीवर चालवलं आणि शॉपमधल्या मोबाइलवरून नोंदी सुरू केल्या. मोल्डिंगचे मुकादम, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी स्क्रीन बघितली आणि एकच विचारलं, "साहेब, माल ओतायचा दुसऱ्या पाळीनं आन् नावावर पडायचा आमच्या. हे बंद हुईल का, तेवढं सांगा."

प्रश्न रास्त होता. रात्री साडेदहाला ओतलेली हीट (भट्टीतल्या रसाची एक खेप) थंड होऊन, नॉकआउट, फेटलिंग (साचा फोडणं, कडा साफ करणं) होऊन तपासणीला येते तोवर पाळी बदललेली असते. वहीत फक्त तपासणीची वेळ. म्हणजे ज्यांनी तपासलं त्यांच्या पाळीवर दोष चढायचा, आणि ही भांडणं वर्षानुवर्षं चाललेली. डेटाबेसमधल्या एका टेबलचं, म्हणजे एका तक्त्याचं, काम नव्हतं ते. हीटचं टेबल वेगळं केलं: हीट नंबर, ओतल्याची वेळ, पार्ट. तपासणीचं वेगळं. दोन्ही हीट नंबरवर जोडली. वर आणखी एक घोळ म्हणजे रात्री बारानंतर तारीख बदलते पण पाळी बदलत नाही. आमची पहिली पाळी सकाळी सातला लागते, त्यामुळे प्रत्येक वेळेतून आधी सात तास वजा करायचे आणि मग तारीख काढायची. पहाटे तीनची नोंद आपोआप आदल्या दिवसात जाते. एसक्यूलाइटमध्ये ही वजाबाकी एका ओळीत होते. आठवडाभराची यादी छापून लावली तेव्हा मामांनी ती तोंडानं हीट नंबर वाचत वाचत, वहीशी ताडून पाहिली आणि खिशात घालून नेली.

हे कुठल्याच कोर्समध्ये नाही आणि असायचं कारणही नाही. पण टेबल जोडायचं कसं हे सीएस५०च्या एसक्यूएलच्या (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेच्या) आठवड्यात शिकलो होतो. तिथे चोर शोधायला साक्षीदारांचे जबाब, फोनच्या नोंदी आणि विमानाची तिकिटं एकमेकांशी जोडावी लागतात. तुम्ही करिअर बदलत असाल तर जुन्या कामातलं असं एखादं भांडण शोधा. हवामानाचं ॲप आणि टू-डू लिस्ट सगळ्यांकडे असते.

आता पैसे घेणाऱ्या क्लासबद्दल चार ओळी. एका नोकरीची हमी देणाऱ्या क्लासची फी माझ्या कित्येक पगारांच्या पुढे होती. कागद मागितला तर त्यात हमी नव्हती, "प्लेसमेंटसाठी सहकार्य" होतं. अभ्यासक्रम तोच, जो वर फुकट आहे. शिस्त लावायला कुणीतरी मागे हवंच असेल तर पैसे द्या, पण कागद वाचून.

नोकरीचं काय? पुण्यात बरेच अर्ज टाकले, फार थोड्यांचे फोन आले, आणि पहिली चाळणी बहुतेक ठिकाणी पदवीची. डिप्लोमावाल्यांनी हे धरून चालावं. शेवटी कोल्हापुरातच दूध संस्था आणि पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागलो. मुलाखतीत प्रमाणपत्रं कुणी पाहिली नाहीत. दुधातलं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घनपदार्थ) यांचा दरपत्रक तक्ता पुढे ठेवला आणि एका सभासदाचं दहा दिवसांचं बिल काढायचा कोड लिहायला सांगितला. मी रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून धरली आणि छापताना रुपयांत आणली. का, असं विचारलं तेव्हा मलानांचं व्याख्यान कामी आलं: एकाला तीननं भागून वीस दशांश स्थळं छापली की काही आकड्यांनंतर तीनांचा रतीब बंद होतो आणि भलतंच काहीतरी यायला लागतं. दुधाच्या बिलात अशी पैशापैशांची तफावत साचली तर संस्थेचा सचिव दारात येऊन उभा राहतो, हे समोरच्यालाच जास्त माहीत होतं. मग फाउंड्रीच्या वहीवर बराच वेळ बोललो, रात्रपाळीच्या त्या सात तासांवर विशेष.

पगार फाउंड्रीतल्या ओव्हरटाइम धरलेल्या पगारापेक्षा कमी आहे. हप्त्याची तजवीज आधी करून ठेवली होती म्हणून जमलं. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल तर राजीनामा देऊ नका.

लॅपटॉप नवीन घ्यायचा का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. नको. जुन्यातली हार्ड डिस्क काढून एसएसडी घाला, जमलं तर रॅम आठ जीबी करा. सीएस५०चं काम ब्राउझरमध्येच चालतं, त्यामुळे मशीन कमजोर असलं तरी भागतं, पण नेट गेलं की सगळं ठप्प. माझ्याकडे मोबाइलचं हॉटस्पॉट दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं होतं. ओडिनचा नोडचा भाग अजून अर्धवट पडलाय. आमच्याकडे पायथन चालतं, त्यामुळे तो कधी पूर्ण होईल ते सांगता येत नाही.