एच-४ हेडलाइटचं रिले किट: कोणतं घ्यावं आणि बसवल्यावर काय बिघडतं

ऊसाचा हंगाम सुरू झाला की सोलापुरातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर, मोहोळकडे जा की मंगळवेढ्याकडे, रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला असतो. जुन्या गाडीच्या मंद पिवळ्या उजेडात ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून ॲक्सेसरीच्या दुकानात हेडलाइटसाठी गर्दी असते. दुकानदार तीन वस्तू पुढे ठेवतो: १००/९० वॅटचे बल्ब (अप्परला १००, डिप्परला ९०), एलईडी बल्ब आणि रिलेचं वायरिंग किट. रिले म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीला, कॉइलला, थोडा करंट मिळाला की मोठा करंट चालू करणारा स्विच. एच-४ म्हणजे अप्पर-डिप्पर एकाच बल्बात असलेल्या साध्या हॅलोजनच्या जुन्या गाडीसाठी या तिन्हींत किटच घ्यावं. मात्र बाजारातलं प्रत्येक किट घेण्याजोगं नाही, आणि प्रत्येक गाडीला ते चालतही नाही.

किट नेमकं काय करतं ते आधी बघा. कंपनीच्या बारीक वायरीतून, स्विचच्या जुन्या पॉइंटमधून करंट बल्बपर्यंत येईस्तोवर एखादा-दीड व्होल्ट वाटेतच जातो. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानानं फार झपाट्यानं उतरतो: १३.५ व्होल्टऐवजी १२ मिळाले तर जवळजवळ एक तृतीयांश उजेड गेला. किट बल्बला थेट बॅटरीवरून जाड वायरीनं करंट देतं, आणि जुनी वायर फक्त रिले ओढण्यापुरती राहते. म्हणजे ६०/५५ चा तोच बल्ब पूर्ण ताकदीनं जळतो.

पैसे देण्यापूर्वी मल्टिमीटर लावून बघा, कारण सगळ्याच गाड्यांना याची गरज नसते. इंजिन चालू, अप्पर चालू. लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळा प्रोब बल्बच्या होल्डरमागून अप्परच्या पिनला. मग बल्बची अर्थ पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह. दोन्ही आकड्यांची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर किट नको, पिवळी पडलेली काच पॉलिश करा. बेरीज एकच्या वर असेल तर किटचा फरक पहिल्याच रात्री दिसेल.

स्वस्तातलं किट साधारण पाच-सहाशेला मिळतं, बरं किट हजार-बाराशेच्या पुढे. फरक कशात आहे ते वायर सोलूनच कळतं. स्वस्त किटमध्ये बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. एक तार ब्लेडनं खरवडा: आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम, लाल निघाली तर तांबं. कथील चढवलेलं तांबं वरून पांढरं दिसतं, म्हणून खरवडल्याशिवाय निर्णय करू नका. मेन वायर २.५ चौरस मिमीची हवी. वरचं इन्सुलेशन जाड आणि आत चार केसांएवढ्या तारा, हा प्रकार सर्रास चालतो. बल्बचा होल्डर सिरॅमिकचा घ्या. अप्पर आणि डिप्परला वेगळे रिले हवेत, आणि फ्यूजही वेगळे. सगळं एकाच फ्यूजवर असेल तर तो उडाल्यावर भर रस्त्यात दोन्ही दिवे एकदम जातात. रात्री विजयपूर रस्त्यावर ८० च्या वेगात असताना हे झालं तर काय होईल, एवढाच विचार करून असलं किट दुकानातच ठेवून या.

बसवल्यानंतरच्या तक्रारींत सगळ्यात जास्त येणारी म्हणजे फ्यूजचा होल्डर वितळणं. फ्यूज शाबूत, होल्डर मात्र काळा. मिस्त्री ३० अँपिअरचा फ्यूज टाकून देतो आणि दुखणं आणखी वाढतं. फ्यूज शाबूत आहे म्हणजे करंट जास्त झालेला नाही; होल्डरच्या आतली पत्ती सैल आहे आणि तिथे उष्णता होते. दोन ५५-६० वॅटच्या बल्बांना ९-१० अँपिअर लागतात, १५ चा फ्यूज पुरतो. होल्डर बदलून चांगल्या पकडीचा लावा, वायरीच्या टोकाचं थिंबल (धातूची टोपी) पक्कडीनं चेपण्याऐवजी क्रिम्पिंग टूलनं दाबा, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत ठेवा. फ्यूजच्या अलीकडे वायर घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवायला काहीच नाही.

एकाच बाजूचा दिवा मंद असेल तर अर्थ बघा. रंगावर स्क्रू आवळलेला असतो. रंग खरवडून, दातेरी वॉशर टाकून आवळा, वरून ग्रीस लावा. जमलं तर दोन्ही बाजूंची अर्थ वायर सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला आणा.

आता खरी किचकट भानगड. काही गाड्यांत, विशेषतः जपानी बनावटीच्या, हेडलाइटचा स्विच पॉझिटिव्हवर नसून अर्थच्या बाजूला असतो. तिथे काही किट काम करत नाहीत, किंवा दिवे लागतात पण डॅशबोर्डवरचा निळा दिवा मिणमिणतो. ओळखायचं सोपं आहे: दोन्ही बाजूंचे मूळ होल्डर बल्बवरून काढा, दिवे चालू करा, मीटरचा काळा प्रोब बॉडीला लावा आणि लाल प्रोबनं होल्डरची एकेक पिन तपासा. अप्पर-डिप्पर बदलताना १२ व्होल्ट एका पिनवरून दुसरीवर गेले तर साधं किट चालेल. दोन्ही वेळा एकाच पिनवर १२ व्होल्ट राहिले तर स्विचिंग अर्थचं आहे. अशा गाडीला ते किट घ्या ज्याच्या रिलेची ८५ नंबरची (कॉइलची) पिन बॉडीऐवजी होल्डरच्या तिसऱ्या पिनला जोडलेली आहे, आणि रिलेत डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) नाही. निळा दिवा मिणमिणतो कारण त्याचा करंट बल्बच्या फिलामेंटमधून पूर्ण होत होता, आता वाटेत रिलेची कॉइल आली.

आणि नव्या गाड्या, ज्यांत दिवे कंट्रोल मॉड्यूलवरून चालतात, त्यांना हे किट लावूच नये. मॉड्यूल तुकड्या-तुकड्यानं करंट सोडतो तेव्हा रिले भुणभुणतो, पॉइंट जळतात. शिवाय मॉड्यूलला बल्ब दिसेनासा होतो, मग तो ‘बल्ब गेला’ समजून इशारा देतो किंवा पुरवठाच तोडतो.

बॅटरी उतरली की दोष किटवर येतो. दिवे बंद असताना किट करंट घेत नाही. घेत असेल तर ट्रिगरची, म्हणजे रिले चालू करणारी, वायर चुकीच्या जागी जोडलेली आहे. एका कॉइलला साधारण ०.१५ अँपिअर लागतात, म्हणजे दिवसाला साडेतीन अँपिअर-तास, ३५ ची बॅटरी आठवड्यात सेल्फ मारेनाशी होईल. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, निगेटिव्हमध्ये मीटर सीरिजला लावा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत चला. बहुतेक वेळा चोर सापडतो तो अँड्रॉइड स्टीरिओ, ज्याची पिवळी (कायम चालू) आणि लाल (चावीवर चालू) वायर एकत्र पिळून काळी टेप मारलेली असते.

१००/९० चे बल्ब किट असलं तरी नकोत. होल्डर आणि रिफ्लेक्टरची चमक जळते, समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. एलईडी बल्ब असतील तर किटचा फायदा उरत नाही, कारण ते मुळातच कमी करंट घेतात. त्यांच्या ड्रायव्हरमुळे आकाशवाणी सोलापूर लावल्यावर खरखर आली तर बल्बजवळ वायरीवर फेराइटची (खरखर अडवणारी) क्लिप बसवा.

बसवताना आधी निगेटिव्ह काढा. रिले रेडिएटरपासून दूर, पिना खाली करून लावा; इथल्या उन्हाळ्यात बॉनेटखाली आधीच भट्टी असते. हार्नेस, म्हणजे किटच्या वायरींचा जुडगा, काळ्या फ्लेक्सिबल पाइपात घाला. एका बाजूचा मूळ होल्डर किटला जातो, दुसरा मोकळा राहतो, त्याला टोपी घालून बांधा, नाहीतर धूळ-पाण्यानं तिथे शॉर्ट होतो. शेवटी सपाट जागी भिंतीसमोर १० मीटरवर गाडी लावा आणि डिप्परची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा सुमारे १० सेंमी खाली येईल असे स्क्रू फिरवा. उजेड वाढल्यावर हे केलं नाही तर समोरून येणाऱ्याला डिप्परही अप्परच वाटतो.